मातीवरची साय

एका हातात भिंग आणि दुसऱ्या हातात पाणी फवारण्याची बाटली घेऊन मी जमिनीवर गुडघे टेकून बसलेली असते, तेव्हा दुरून पाहणाऱ्याला माझे काहीतरी हरवले आहे असेच वाटत असणार. समोर असते ती दोन झुडपांच्या मधली उघडी जागा. उघडी म्हणायची ती केवळ सवयीने, कारण जवळून पाहिले तर ती काळपट, खडबडीत आणि जागोजागी फुगवटे आलेली असते, आणि चुकून पावलाखाली आली तर बारीक कुरकुरते. बाटलीतून दोन फवारे मारले की त्या काळ्या खरखरीतपणात हालचाल सुरू होते. मॉस या शेवाळासारख्या इवल्या वनस्पतीची सुकून पिळवटलेली, जळक्या दोऱ्यासारखी दिसणारी पाने एकामागून एक उलगडू लागतात आणि पाहता पाहता तिथे हिरवा रंग येतो. हे मी आजवर शेकडो वेळा पाहिले आहे, आणि तरी दर वेळी पुढची नोंद लिहायला मला थोडा उशीर होतोच.

या थराला शास्त्रीय लेखनात जैविक मृदाकवच म्हणतात. मी तिला मनातल्या मनात साय म्हणते. पावसाच्या थेंबांच्या माऱ्याने मातीचे कण दबून जो कडक पापुद्रा धरतो तो वेगळा. तो निर्जीव असतो आणि पाण्याला आत शिरू देत नाही. साय जिवंत असते. तिची जाडी बहुधा काही मिलिमीटरच असते, पण तेवढ्यात मायक्रोकोलियससारखे धाग्यांच्या आकाराचे सायनोबॅक्टेरिया (म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणारे जीवाणू), दगडफुलाच्या जातकुळीतली लायकेन, मॉस, बुरशी आणि इतर जीवाणू एकत्र नांदत असतात. सायीचा एक लहानसा तुकडा चिमट्याने अलगद उचलला, तर खालच्या बाजूला वाळूचे कण अदृश्य दोऱ्याला लोंबकळताना दिसतात. तो दोरा म्हणजे त्या सायनोबॅक्टेरियाचे चिकट आवरण. आत राहणारा धागा पाणी मिळताच त्या आवरणातून पुढे सरकतो आणि सुकताना नवे आवरण मागे ठेवतो, त्यामुळे मातीची शिवण दर पावसागणिक घट्ट होत जाते. जगातल्या एकूण जमिनीपैकी सुमारे १२ टक्के पृष्ठभागावर अशी साय आहे असा अंदाज आहे. हवेतला कार्बन आणि नायट्रोजन मातीत आणायचा आणि वाऱ्यापासून ती माती धरून ठेवायची, ही दोन्ही कामे ती करते. आणि एवढे करूनही ती कुणाच्या डोळ्यांत भरत नाही.

कोरडा प्रदेश कशाला म्हणायचे, याचे उत्तर विज्ञानाने एका भागाकाराने दिले आहे. वर्षभरात पडणाऱ्या पावसाला, तिथले ऊन आणि हवा मिळून जास्तीत जास्त किती पाणी उडवून नेऊ शकतील त्या आकड्याने भागायचे, उत्तर ०.६५ पेक्षा कमी आले की तो प्रदेश कोरडा. ०.०५ च्या खाली अतिशुष्क, ०.२० पर्यंत शुष्क, ०.५० पर्यंत निमशुष्क आणि तिथून पुढे कोरडा पण थोडा दमट. या व्याख्येत पृथ्वीवरच्या जमिनीचा सुमारे ४१ टक्के भाग बसतो आणि त्यावर दोन अब्जांहून अधिक माणसे राहतात. व्याख्या सोयीची आहे, पण तिच्यात एक मेख आहे. तापमान वाढले की या अपूर्णांकाचा छेद वाढतो, त्यामुळे पाऊस थेंबभरही कमी न होता एखादा प्रदेश कागदावर अधिक कोरडा ठरू शकतो. उलट हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला की पुष्कळ वनस्पती आपली पर्णरंध्रे थोडी मिटून घेतात आणि पाणी वाचवतात, ही गोष्ट या भागाकारात कुठेच येत नाही. म्हणूनच हा भागाकार शुष्कता पसरत असल्याचे सांगत असताना गेल्या चार दशकांतली उपग्रहांची चित्रे कित्येक कोरड्या प्रदेशांत हिरवेपणा वाढल्याचे दाखवतात. दोन्ही नोंदी आपापल्या जागी खऱ्या आहेत. त्यांच्यावरून चालणाऱ्या वादात मला आता फारसा रस उरलेला नाही, कारण दोन्ही बाजू वर्षाची बेरीज हाती घेऊनच बोलत असतात, आणि माझी तक्रार मुळात त्या बेरजेविषयीच आहे.

मराठी भाषेला ही तक्रार फार पूर्वीच सुचलेली असावी. भुरभुर, रिमझिम, शिरवा, सर, झड, वळीव या प्रत्येक शब्दात पाऊस किती पडला याहून तो कसा पडला आणि किती वेळ टिकला हेच सांगितलेले असते. मातीसाठीही ओल आणि वाफसा असे दोन वेगळे शब्द आहेत. ओल म्हणजे पाणी आहे एवढेच. वाफसा म्हणजे पाणी आणि हवा दोन्ही मुळांना मानवतील अशा बेताने आहेत. माझ्या नोंदवहीत मात्र कित्येक वर्षे पावसासाठी एकच रकाना होता आणि त्याच्या माथ्यावर नुसते ‘मिमी’ असे लिहिलेले होते.

कोरड्या परिसंस्था पाण्याच्या तुरळक, सुट्या आणि सहसा सांगून न येणाऱ्या हप्त्यांवर चालतात, हा विचार इस्रायली अभ्यासक इमॅन्युएल नॉय-मीर यांनी १९७३ साली नेटकेपणाने मांडला होता. तो वाचून मी मान डोलावली होती. मान डोलावणे आणि एखादी गोष्ट प्रयोगाच्या आराखड्यात उतरवणे यांत किती अंतर असते, ते मला पुढे कळले.

अमेरिकेतल्या युटा राज्यात कोलोराडो पठारावर झालेला एक प्रयोग माझ्या मते या विषयातला सर्वांत बोलका आहे. तिथे सिंट्रिकिया कॅनिनर्व्हिस नावाचे मॉस सायीचा मोठा भाग व्यापून असते. संशोधकांनी काही वाफ्यांवर अवरक्त दिव्यांनी जमीन किंचित तापवली, आणि काही वाफ्यांवर उन्हाळ्यात अधूनमधून फक्त १.२ मिलिमीटर इतके पाणी शिंपडले. कोरड्या जागी जास्तीचे पाणी म्हणजे कृपाच, असे कुणालाही वाटेल. पण एकाच हंगामात पाणी शिंपडलेल्या वाफ्यांतले मॉस पृष्ठभागाच्या सुमारे २५ टक्क्यांवरून २ टक्क्यांच्याही खाली आले, आणि नुसत्या तापवलेल्या वाफ्यांत तेवढ्या काळात काहीच फरक पडला नाही. हा निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाला.

त्याचे कारण मॉसच्या जमाखर्चात आहे. मॉसला मुळे नाहीत, त्यामुळे पाणी साठवून ठेवण्याची सोय नाही. भिजले की जागे व्हायचे आणि सुकले की निजायचे, एवढाच त्याचा व्यवहार. पण जागे होणे फुकट नसते. सुकताना फाटलेल्या पेशींच्या पडद्यांची डागडुजी करावी लागते, श्वसन वाढते, आणि काही वेळ साठवलेला कार्बन खर्चच होत राहतो. प्रकाशसंश्लेषणाची कमाई त्यानंतर सुरू होते. हिवाळ्यात ओल बराच वेळ टिकते, त्यामुळे खर्च भरून निघून शिल्लक पडते. उन्हाळ्यात १.२ मिलिमीटर पाणी कमाई सुरू होण्याच्या सुमारासच उडून जाते. दुकान उघडायचे, झाडलोट करायची, दिवे लावायचे आणि पहिले गिऱ्हाईक येण्याआधीच दार ओढून घ्यायचे, असे हंगामभर चालले तर दुसरे काय होणार? प्रयोगशाळेत त्याच मॉसला एका वेळी ५ मिलिमीटर पाणी दिले, तेव्हा ओल पुरेशी टिकली आणि तोटा टळला. म्हणजे जीव घेतला तो पाण्याने नव्हे आणि पाण्याच्या अभावानेही नव्हे. ओल किती वेळ टिकली यावर सारे ठरले.

मॉस गेल्यावर मातीतल्या नायट्रोजनचे चक्र बदलले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या दीर्घ काळाच्या निरीक्षणांत तर असे दिसले की, तापवलेली किंवा पाणी शिंपडलेली साय आणि पायांखाली तुडवलेली साय या दोन्ही शेवटी सारख्याच दिसू लागतात: मॉस आणि लायकेन मागे पडतात आणि सुरुवातीच्या टप्प्यातले फिकट सायनोबॅक्टेरिया उरतात. हवामान आणि पाऊल यांचा ठसा एकच उमटावा, हे वाचून मी कितीतरी वेळ पुढे वाचू शकले नव्हते. शिवाय काळी साय जाऊन फिकट माती उघडी पडली की ती सूर्यप्रकाश अधिक परतवते, म्हणजे उष्णतेच्या हिशेबात तो पृष्ठभाग किंचित थंडावतो. जखमेतून एवढा जमेचा आकडा निघतो खरा, पण मला त्यात समाधान मानता येत नाही.

आता याच नाण्याची दुसरी बाजू. न्यू मेक्सिकोमधल्या सेव्हिएटा इथल्या वाळवंटी गवताळ प्रदेशात ‘ब्लॅक ग्रामा’ नावाच्या गवतावर वेगळा प्रयोग झाला. काही वाफ्यांना आठवड्याला ५ मिलिमीटर आणि काहींना महिन्यातून एकदा २० मिलिमीटर जादा पाणी दिले. महिन्याची बेरीज दोघांची जवळपास सारखीच. पण गवत वाढले ते महिन्यातून एकदा मोठी सर मिळालेल्या वाफ्यांत. याचे कारणही ओलीच्या खोलीत आहे. लहान सरीचे पाणी वरच्या काही सेंटिमीटरांत अडकते आणि उडून जाते. मोठ्या सरीचे खाली उतरते आणि मुळांना अनेक दिवस पुरते. कोरड्या प्रदेशात भारी मातीपेक्षा वाळूसर माती पुष्कळदा अधिक झाडोरा पोसते, ती याच न्यायाने. तापलेली हवा दर अंशामागे सुमारे ७ टक्के अधिक वाफ धरू शकते, त्यामुळे जोरदार सरी आणखी जोरदार होतील आणि दोन सरींमधले खंड लांबतील अशी अपेक्षा आहे. मग एकाच बदलाने खोल मुळांच्या गवताचे फावेल आणि वरच्या सायीचे हाल होतील, असेही घडू शकेल. ‘कोरड्या प्रदेशावर काय परिणाम होईल’ असे मला कुणी विचारले की मी अलीकडे आधी विचारते, कोरड्या प्रदेशातल्या कुणावर?

तिसरे उदाहरण मला सर्वांत आवडते, कारण ते ऐकून वर्गातला प्रत्येक विद्यार्थी आधी चुकतो. ॲरिझोनातल्या टूसॉनजवळ सोनोरन वाळवंटात हिवाळ्यात उगवून वसंतात मरणाऱ्या वर्षायू वनस्पतींची गणना अनेक दशके चालली आहे. तिथले हवामान तापत गेले. मग कोणत्या जाती वाढल्या असतील? थंडी मानवणाऱ्या. झाले असे की हिवाळ्यातला बीज रुजवणारा पहिला पाऊस पुढे ढकलला गेला, शरदाऐवजी तो भर हिवाळ्याकडे सरकला. त्यामुळे सरासरी तापमान वाढले तरी बी प्रत्यक्ष रुजते त्या दिवसांतली हवा पूर्वीपेक्षा थंड झाली, आणि थंडीत रुजू शकणाऱ्यांचे साधले. २०१० साली हे प्रसिद्ध झाले तेव्हा त्याच्या शीर्षकातच ही विसंगती होती. वर्षाच्या सरासरीने जे सांगितले असते त्याच्या अगदी उलट उत्तर त्या रोपांनी दिले होते.

एवढे सगळे ठाऊक असताना मी स्वतः काय केले, ते आता सांगायला हवे.

माझ्या प्रयोगाचा विषय अवर्षण हा होता. वाफ्यांवर पारदर्शक पन्हळींचे तिरके आडोसे उभारायचे. पन्हळींमध्ये ठरावीक फट ठेवली की पावसाचा ठरावीक हिस्सा अडतो आणि बाजूच्या नळीतून दूर वाहून जातो. या रचनेचा एक सोपा आणि स्वस्त नमुना २००२ साली पॅटागोनियातल्या संशोधनातून प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून जगभर वापरला जातो. मीही तोच उभारला. पहिली दोन वर्षे आडोशांनी काही केलेच नाही, कारण अडवायला पाऊसच नव्हता. कृत्रिम अवर्षण पाडायला निघालेल्या माणसावर खरे अवर्षण कोसळावे, हा दुष्काळात तेरावा महिना होता. आडोशाखालचे वाफे आणि मोकळे वाफे दोन्ही सारखेच करपले. तिसऱ्या वर्षी पाऊस बरा झाला, आडोशाखालचे मॉस मेले, आणि मी समाधानाने लिहिले: अवर्षणामुळे मॉसचा ऱ्हास.

ते मॉस पट्ट्यापट्ट्यांनी मेले होते, हे माझ्या लक्षात आले नव्हते. ते आले वाफ्यांची निगा राखणाऱ्या आमच्या सहकाऱ्याच्या. एका भुरभुरीच्या सकाळी त्याने मला आडोशाखाली वाकायला सांगितले. जोराच्या पावसात पन्हळीतले पाणी वेगाने धावून थेट नळीत पडते. पण भुरभुरीत ते मंद असते, पन्हळीच्या ओठाशी येऊन खाली पडण्याऐवजी ओठाला चिकटून मागे वळते आणि खालच्या अंगाने ओघळत राहते. भांड्यातून द्रव हळू ओतला की तो भांड्याच्याच पोटावरून घरंगळतो, तसे. त्यात भर म्हणून रात्री प्लॅस्टिक हवेपेक्षा थंड होते, त्यावर दव धरते, आणि पहाटे ते एका रेषेत टपटपते. मी वाकून पाहिले तेव्हा थेंब पडत होते ती रेषा आणि मेलेल्या मॉसचा पट्टा एकावर एक जुळत होते. माझ्या ‘कोरड्या’ वाफ्यांत सायीच्या त्या पट्ट्याला मोकळ्या वाफ्यांपेक्षा जास्त वेळा, जेमतेम थेंबभर, आणि नेमके ऊन चढण्याच्या बेताला पाणी मिळत होते. युटातला तो १.२ मिलिमीटरचा प्रयोग मी नकळत पुन्हा करून ठेवला होता आणि त्याला अवर्षण असे नाव दिले होते.

त्या दुपारी मोज्यांत रुतलेली कुसळे काढत मी आडोशाच्या सावलीत बसून राहिले. कुसळी गवत उष्ण प्रदेशांत जवळजवळ सगळ्या खंडांत आढळते आणि आमच्या वाफ्यांतही ते आहे. त्याच्या बीला एक लांब, काळपट शेपूट असते, तेच कुसळ. त्याच्या पेशींच्या भिंती अशा रीतीने विणलेल्या असतात की सुकले की त्याला पीळ बसतो आणि ओल लागली की पीळ सुटतो. एक कुसळ तळहातावर ठेवून त्यावर बोट ओले करून टेकवले, तर ते जिवंत असल्यासारखे वळवळते आणि टोकाकडची बाक घड्याळाच्या काट्यासारखी फिरू लागते. रात्रीच्या दमटपणाने सुटणारा आणि दुपारच्या कोरडेपणाने बसणारा हा पीळ अणकुचीदार बीला गिरमिटासारखे मातीत घुसवतो. बीवरचे मागे वळलेले राठ केस तिला परत बाहेर येऊ देत नाहीत. बी पेरायला पाऊस लागत नाही, हवेतल्या आर्द्रतेची रोजची चढउतार पुरते. आणि या चढउताराची मी तेव्हापर्यंत एकदाही नोंद केली नव्हती. गंमत अशी की त्याच महिन्यात, दुसऱ्या कुणाच्या शोधनिबंधाचे परीक्षण करताना, आडोशामुळे खालची हवा आणि दव कसे बदलले याचा हिशेब दिलेला नाही असा शेरा मी मारला होता. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ आणि आपल्या डोळ्यातले मुसळ ही म्हण आपण फारच सैलपणे वापरतो. मला ती त्या दिवशी शब्दशः लागू पडली, आणि कुसळ तर हातातच होते.

याचा अर्थ अवर्षणाचे प्रयोग व्यर्थ आहेत असा नाही. २०२४ साली सहा खंडांतल्या १०० गवताळ आणि झुडुपी ठिकाणांची एकत्र तुलना प्रसिद्ध झाली. शंभर वर्षांत एखादे वेळी पडावे इतके तीव्र अवर्षण एक वर्ष लादले, तेव्हा वनस्पतींच्या वाढीतली घट सौम्य अवर्षणाच्या मानाने ६० टक्क्यांनी अधिक निघाली, आणि आधीच कोरड्या असलेल्या जागांना फटका अधिक बसला. एका जागेच्या पन्हळी गळतील, शंभर जागांच्या सगळ्या एकाच दिशेने गळणार नाहीत. मोठ्या जाळ्याचे मोल त्यात आहे. मात्र गवताच्या वजनाने मोजलेले उत्तर सायीच्या वाट्याला येत नाही, हे मी विसरू इच्छित नाही.

कार्बन डायऑक्साइडचे काय, असा प्रश्न नेहमी येतो. नेवाडातल्या मोहावी वाळवंटात १९९७ ते २००७ अशी दहा वर्षे मोकळ्या हवेत जादा कार्बन डायऑक्साइड सोडून प्रयोग झाला. १९९८ च्या भरपूर पावसाच्या वर्षी प्रमुख झुडपाची नवी पालवी दुपटीने वाढली, आणि आशेने बघणाऱ्यांनी वाळवंट हिरवे होणार असे म्हटले. कोरड्या वर्षी तोच वायू असून काहीच झाले नाही. त्याच ओल्या वर्षी बाहेरून आलेल्या एका वर्षायू गवताने स्थानिक जातींहून अधिक जोर धरला. सुकले की ते गवत झुडपांमधल्या मोकळ्या जागा भरून काढते आणि आगीला वाट करून देते, त्यामुळे जिथे आग पसरतच नसे तिथे ती पसरू लागते. दहा वर्षांनी झुडपांच्या एकूण वजनात लक्षणीय फरक उरला नव्हता. मातीतला कार्बन मात्र वाढलेला होता. जमिनीवर पाहणाऱ्याला प्रयोग निष्फळ वाटला असता, खणून पाहणाऱ्याला वाटला नाही.

खणणे हेच मग माझे अर्धे काम झाले. मातीचा नमुना तोलायचा, १०५ अंशांवर भट्टीत दिवसभर ठेवायचा, पुन्हा तोलायचा. कमी भरलेले वजन म्हणजे उडालेले पाणी. याहून कंटाळवाणे काम शोधून सापडणार नाही. त्याची भरपाई पहिल्या सरीच्या वेळी होते. मातीत रोवलेल्या कड्यावर वायूमापकाची घंटेच्या आकाराची टोपी बसवून मी थांबते, सर येते, मृद्गंध उठतो, आणि त्याच क्षणांत पडद्यावरचा कार्बन डायऑक्साइडचा आकडा झपाट्याने चढू लागतो. कोरड्या मातीत मरून पडलेले आणि पेशीत पाणी धरून ठेवणारे रेणू साठवून तग धरलेले जीवाणू यांचा सगळा ऐवज पाण्याने एकदम मोकळा होतो, आणि जागे झालेले त्यावर तुटून पडतात. एच. एफ. बर्च यांनी केनियातल्या मातीवर काम करून १९५८ साली हा प्रकार नोंदवला, आणि तो आजही बर्च परिणाम म्हणूनच ओळखला जातो. आपण ज्या सुगंधाने सुखावतो, त्याच्यासोबतच माती आपली साठवण उधळत असते. दोन सरींमधले खंड लांबून सरी मोजक्या झाल्या, तर ही उधळण किती वेळा आणि केवढी होईल, त्यावर मातीतल्या कार्बनचे भवितव्य बरेचसे अवलंबून आहे.

अंटार्क्टिका वगळता सर्व खंडांतल्या २२४ कोरड्या ठिकाणांच्या मातीची तुलना २०१३ साली प्रसिद्ध झाली. तीत दिसले की शुष्कता वाढते तसे जीवांमार्फत येणारे कार्बन आणि नायट्रोजन घटतात, तर खडकाच्या झिजेतून येणाऱ्या फॉस्फरसचे प्रमाण वाढते. म्हणजे एकमेकांच्या हातात हात घालून चालणाऱ्या पोषकद्रव्यांची ताटातूट होते. २०२० साली तर अशा बदलांत तीन उंबरठे असल्याचे मांडले गेले: आधी वनस्पतींची उत्पादकता ढासळते, मग मातीची सुपीकता आणि घडण, आणि शेवटी झाडोरा आणि जातींची विविधता. २१०० पर्यंत जगातल्या २० टक्क्यांहून अधिक जमिनीला यांतला निदान एक उंबरठा ओलांडावा लागेल असा त्या अभ्यासाचा अंदाज आहे. हे काम मी मानते, पण त्यातले एक गृहीतक मला टोचते. आज अधिक कोरडी असलेली जागा म्हणजे आजच्या कमी कोरड्या जागेचा उद्याचा दिवस, असे त्यात धरलेले असते. त्या कोरड्या जागेला कोरडे व्हायला हजारो वर्षे मिळाली. दुसरीला आपण काही दशकेच देत आहोत.

काळाच्या बाबतीत या शास्त्राजवळ एकच मोठी शिदोरी आहे, ती म्हणजे चिकाटीने मोजत राहिलेली माणसे. टूसॉनमधल्या टुमामोक टेकडीवर १९०३ साली वाळवंटी प्रयोगशाळा उभी राहिली आणि १९०६ पासून तिथे कायमचे वाफे आखून झाडे मोजली जाऊ लागली. मोजणारे बदलत गेले, मोजणी चालू राहिली. तिथल्या सग्वारो निवडुंगाची रोपे दरवर्षी तग धरत नाहीत. पाऊस, गारठा आणि एखाद्या झुडपाची सावली असा योग जुळून यावा लागतो, आणि तो कित्येक वर्षांनी येतो. तीन वर्षांच्या अनुदानात असा योग बसवून दाखवा, असे अर्जाच्या नमुन्यात कुणी विचारत नाही म्हणून बरे.

माझ्या वाफ्यांच्या कडेला एक बुटाचा ठसा आहे. पहिल्या वर्षी खांब रोवताना माझाच पाय घसरून तो उमटला. त्यात आता फिकट, गुळगुळीत सायनोबॅक्टेरियाचा पातळ थर धरला आहे. मॉस अजून नाही, लायकेन तर नाहीच. आम्ही आडोशांच्या पन्हळींना ओठाशी खालून एक बारीक पट्टी चिकटवली, त्यामुळे ओघळ थांबला. जुने तिसऱ्या वर्षाचे आकडे मी शोधनिबंधातून काढून घेतले आणि नोंदवहीत ‘मिमी’च्या शेजारी दोन नवे रकाने आखले: साय कधी ओली झाली, साय कधी सुकली. त्यातली एक साधी नोंद अशी आहे. पहाटे ५.४० ला दव, मॉस पूर्ण उघडे. ७.१५ ला वाफ्यावर पहिले ऊन. ७.५० ला टोकाकडची पाने मिटू लागली. ८.०५ ला सगळे काळे. पावसाच्या जुन्या रकान्यात त्या दिवशी शून्य आहे.